लढाऊ विमानातली खुर्ची

"सिद्धाप्पा, बंद कर ते! त्येला जाळ लावू नको!"

जोतिराम वाघमोडे भंगाराच्या ढिगावरून घसरत, ठेचकाळत खाली आले आणि गॅस कटरच्या निळ्या ज्योतीपुढे आडवे येऊन उभे राहिले. सिद्धाप्पाने ज्योत बाजूला धरली, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि मालकाकडे पाहिलं. मालक मानसिंग वजनकाट्याजवळ स्टुलावर बसून चहा पीत होता.

"आता काय झालं, काका?"

"मानसिंग, ही खुर्ची लढाऊ विमानातली हाय. इमान पडाय लागलं की पायलटला खुर्चीसकट भाईर फेकती ही. तिच्या पाठीच्या नळकांड्यात दारू आसती, बंदुकीत आसती तशी. वरच्या टोपणाचं शिशाचं सील बघ, तुटल्यालं न्हाय. म्हंजे दारू आत हाय. जिवंत हाय."

मानसिंगने कप खाली ठेवला आणि तो हसायला लागला.

"काका, मागच्या साली तुमी ती पिवळी बाटली नेली हितनं. आठवतं का? 'हिच्यात हवा कोंडल्याली हाय, फुटली तर चिंध्या हुतील, मी नेऊन रिकामी करतो' म्हणाला. मी भ्यालो. फुकाट दिली. आन दिवाळीला पेपरात तुमचा फोटो! बाटली मांडीवर घिऊन बसलाय की! 'लढाऊ विमानातील दुर्मीळ प्राणवायूची बाटली.' रिकामी व्हती न्हवं ती?"

बाटली रिकामी होती. हातात घेताच वजनावरून जोतिरामांना ते कळलं होतं, तरी ते खोटं बोलले होते.

वीज मंडळात वायरमनची नोकरी करून ते निवृत्त झाले होते. मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातले. लहानपणी त्यांच्या गावच्या माळावर हवाई दलाचं एक विमान कोसळलं. जळणाऱ्या विमानाकडे सगळा गाव धावला. वडिलांनी हवाई छत्रीतून उतरलेल्या वैमानिकाच्या अंगावर घोंगडं टाकलं आणि जोतिरामने राखेतून पत्र्याची एक नक्षीदार चकती उचलली. ती कशाची, कुठं बसवलेली, तिच्यावरची अक्षरं कुठल्या भाषेतली, हे शोधता शोधता माणसाचा जन्म गेला. जुन्या विमानांचे काटे, मुखवटे, शिरस्त्राणं, वैमानिकांच्या छातीवरचे पंखांचे बिल्ले असं काय काय सोलापूरच्या, बार्शीच्या, टेंभुर्णीच्या भंगारवाल्यांकडून त्यांनी गोळा केलं. रशियन अक्षरं शिकले. शिक्का पाहून वस्तू कुठल्या विमानाची ते सांगू लागले. आणि त्याचबरोबर एक सवयही लागली. भारी वस्तू दिसली की म्हणायचं, "ह्यात काय न्हाय, साधं लोखंड हाय." आणि तेवढ्याने भागलं नाही की भीती घालायची. वस्तू घरी येई तेव्हा खोटं बोलल्याचं काही वाटत नसे.

"त्या येळी खोटं बोललो मी," जोतिराम म्हणाले. "हात जोडतो, मानसिंग. आज खरं बोलतोय. खुर्ची मला नको. मी पोलिसाला फोन लावतो, त्यांची माणसं येऊन नेतील."

पोलिसाचं नाव निघालं आणि मानसिंगचं हसू गेलं. गोडाऊनमध्ये कागदावाचून आलेला बराच माल पडला होता. तो उठला, त्याने जोतिरामांच्या हातातला मोबाईल हिसकावून शर्टाच्या खिशात टाकला.

"पोलीस आणता माझ्या दारात? म्हातारं म्हणून ऐकून घेतो तर डोक्यावर बसाय लागलं! सिद्धाप्पा, काप रे!"

जोतिराम कटरच्या नळीवर झेपावले. मानसिंगने त्यांना मानगुटीला धरून ओढलं आणि छातीवर दोन्ही हात ठेवून ढकललं. ते वजनकाट्याच्या जाड लोखंडी पारड्यामागे जाऊन आपटले, डोकं भिंतीवर आदळलं.

"सिद्धाप्पा, लेकरा, नको!"

"एनू आगूदिल्ल, काका," सिद्धाप्पा म्हणाला. काही होत नाही. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. दिवसभर लोखंड कापणारा माणूस. रोज कुणी ना कुणी ओरडतच असतं, त्यातलंच हे एक. ज्योत नळकांड्याला लागली. पत्रा आधी लाल झाला, मग पांढरा.

आवाज झाला तो कानांनी ऐकण्याजोगा नव्हताच. छातीतच काहीतरी फुटल्यासारखं झालं. आतली पोलादी नळी सुटून छपराचा पत्रा फाडून निघून गेली. खुर्ची उलट्या दिशेने उडाली आणि तिने सिद्धाप्पाला उचलून मागच्या भिंतीवर नेऊन चिरडलं. गॅसची नळी तुटून पेट घेत सापासारखी वळवळू लागली. मानसिंग तोंडावर हात धरून फिरत होता आणि त्याच्या बोटांमधून रक्ताची धार लागली होती. पत्र्याच्या तुकड्याने त्याचा जबडा फाडला होता.

जोतिराम रांगत गेले. आधी सिलिंडरची चावी बंद केली; ते त्यांना वायरमनच्या आयुष्यभराच्या सवयीने सुचलं. मग ते भिंतीकडे वळले. सिद्धाप्पाचे पाय शाबूत होते, चपलाही पायातच होत्या. वर पाहायचं धैर्य व्हायला वेळ लागला. पाहिलं तेव्हा छातीच उरलेली नव्हती.

सरकारी दवाखान्याच्या आवारात दुपारपर्यंत सिद्धाप्पाच्या घरची माणसं जमली. मानसिंगला स्ट्रेचरवरून आत नेत होते. त्याला बोलता येत नव्हतं, पण त्याने लिंबाखाली बसलेल्या जोतिरामांकडे बोट केलं. तेवढं पुरलं; विमानाच्या वस्तूंचा नाद असलेला म्हातारा म्हणून त्यांना सगळे ओळखत होते.

सिद्धाप्पाचा धाकटा भाऊ मल्लिनाथ मोटरसायकलवरून आला होता, हातात हेल्मेट होतं. तो चालत आला आणि काही न विचारता त्याने ते जोतिरामांच्या तोंडावर हाणलं. म्हातारा कलंडला. मग लाथा बसल्या, पोटात, बरगड्यांवर, पाठीत. "तुझ्या खेळण्यापायी माझा भाऊ गेला! तुझ्या खेळण्यापायी!" प्रत्येक लाथेगणिक तो तेच म्हणत होता आणि रडत होता. आणखी दोघं-तिघं पुढे झाले. जोतिरामांनी हात वर केला नाही. आत काहीतरी कडकन मोडलं, ते त्यांना स्पष्ट ऐकू आलं. शेवटी पोलीस शिपायांनी त्यांना गर्दीतून ओढून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी पलंगावर होते. बरगड्यांना पट्टा, एक डोळा पूर्ण मिटलेला. समोर काचेच्या कपाटात जन्मभराचं धन मांडलेलं. बायको, गोजाबाई, हातात बत्ता घेऊन कपाटासमोर उभी राहिली.

"अवो, खरं सांगा. तुमी त्यास्नी थांबवलं का न्हाय?"

"थांबवलं."

"मग ऐकलं का न्हाय कुणी?"

जोतिरामांनी पिवळ्या बाटलीची हकिगत सांगितली. गोजाबाईने शेवटपर्यंत ऐकली. मग तिने बत्ता उचलला आणि कपाटाची काच फोडली. काटे, चकत्या, मुखवटे ती एकेक काढून फरशीवर ठेचू लागली. कितीक वर्षं त्यांच्यावरची धूळ तिनेच फडक्याने पुसली होती. काचेने तिचा पंजा कापला, तरी ती थांबली नाही. "माणूस खाल्लं ह्यांनी," म्हणत राहिली. जोतिराम पडल्या पडल्या पाहत राहिले. तिला थांबवावं असं त्यांना वाटलंच नाही.

त्या आवाजात दाराची कडी वाजलेली कुणाला कळली नाही. दारात एक बाई उभी होती. कोऱ्या चेहऱ्याची, केस सुटलेले. मागे मल्लिनाथ, मान खाली घालून.

"मी कमलम्मा. सिद्धाप्पाची बायको," ती म्हणाली. तिचं मराठी कानडी वळणाचं होतं. "आमच्यात माणसाला मातीत बसवतात. गळ्यातला देव डाव्या हातात देऊन बसवतात. त्यांचा देव सापडत नाही."

गळ्यातला देव म्हणजे लिंगायतांचं इष्टलिंग. चांदीच्या पेटीत घालून दोऱ्याने गळ्यात बांधलेलं. सिद्धाप्पा पाळण्यात असताना ते त्याच्या गळ्यात पडलं होतं, त्याच्या आईने बांधलेलं. जंगमस्वामी नवीन द्यायला तयार होते, पण कमलम्मा ऐकत नव्हती.

"पोलिसांनी बघितलं, ह्यानं बघितलं. मिळालं न्हाय. तुमी भंगारातनं बारीक बारीक वस्तू वळखून काढता म्हणं. चला."

गोजाबाईने हातातला बत्ता खाली ठेवला. जोतिराम भिंतीला धरून उठले, खुंटीवरचा सदरा अंगात चढवला. काखेत धरायला मल्लिनाथ पुढे झाला. ज्या हातांनी मारलं होतं तेच हात.

गोडाऊनच्या दाराशी बसलेल्या हवालदाराने कमलम्माकडे पाहिलं आणि न बोलता दोरी वर केली. जोतिराम आधी भिंतीपाशी जाऊन नुसते उभे राहिले. खुर्ची कुठून उडाली, माणूस कुठे आपटला, गळ्यातली जड पेटी पुढे कुठवर जाईल, हे त्यांनी नजरेने मोजलं. मग कोपऱ्यातल्या धातूच्या चुऱ्याच्या ढिगाशी गुडघे टेकले आणि मानसिंगच्याच फळीवरचं मोठं लोहचुंबक मागून घेतलं. ते फिरवलं की लोखंड उचललं जाई आणि चिकटणार नाही ते खाली राही. त्यातलं एकेक चिमटीत धरून ते बोटावर घासत. ॲल्युमिनियम. पितळ. ॲल्युमिनियम. श्वासागणिक बरगडीत सुरी फिरत होती. चुऱ्यात रक्ताच्या गुठळ्या होत्या, हाडाच्या कपच्याही होत्या. त्या ते एका स्वच्छ फडक्यावर वेगळ्या ठेवत गेले. कमलम्मा शेजारी उकिडवी बसून पाहत होती.

"तुमी त्यांना नको म्हटलं व्हतं का?" तिने विचारलं.

"म्हटलं व्हतं, बाई."

"मग?"

"आदी मी खोटं बोलून वस्तू नेल्यात हितनं. म्हणून खरं बोललो तवा इश्वास बसला न्हाय कुणाचा."

तिचा हात उठला. जोतिरामांनी सुजलेला चेहरा तिच्याकडे वळवला आणि तसाच धरला. हात हवेतच राहिला, मग तिने तो मांडीवर ठेवला.

"हुडका," ती म्हणाली.

ऊन छपराच्या भोकातून सरकत भिंतीवर गेलं तेव्हा त्यांच्या चिमटीत चेपलेलं काहीतरी काळं आलं. बोटावर घासलं. काळ्याखाली पांढरं चमकलं. त्यांनी ते स्वतः उघडलं नाही. दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून कमलम्मापुढे केलं. तिने नखाने चांदीचा पत्रा उलगडला. आतला देव काळाभोर, अखंड होता. ती मोठ्याने रडली, कालपासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी उन्हं असतानाच सिद्धाप्पाला खड्ड्यात बसवलं. छातीभोवती पांढरं कापड घट्ट गुंडाळलेलं होतं. स्वामींनी डाव्या तळहातावर देव ठेवला आणि बोटं मिटवली. भस्म पडलं, बेलपत्री पडली, मग जमलेली माणसं एकेक करून वाकली आणि मूठ मूठ माती टाकू लागली.

जोतिराम सगळ्यांच्या मागे, चपला काढून उभे होते. त्यांना कुणी ये म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. सगळ्यांची माती टाकून झाल्यावर ते पुढे आले. वाकायला गेले, पण बरगडीने वाकू दिलं नाही. पुन्हा प्रयत्न केला आणि अर्ध्यातच ओठ चावून थांबले.

मल्लिनाथ खाली बसला. त्याने मूठभर माती उचलली, त्यातला खडा बोटाने वेचून बाजूला टाकला आणि जोतिरामांकडे न पाहता ती माती त्यांच्या तळहातावर ठेवली.