वासुदेवरावांचं न पिकणारं वावर

“गजेंद्र, तुह्यं बियाणं बोगस हाय!”

वासुदेवरावांनी हातातला व्हिडिओ गेम काउंटरवर आपटला. पुलगावच्या बाजारातल्या गजेंद्रच्या मोबाइलच्या दुकानात बसलेली गिऱ्हाइकं माना वळवून बघू लागली.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर वासुदेवरावांनी वावर पुतण्याच्या हवाली केलं. पण बांधावर जाऊन त्याला शहाणपण शिकवणं काही सुटेना. शेवटी मुलीनं, रूपालीनं, हा शेतीचा खेळ आणून दिला. नांगरायचं, पेरायचं, पाणी द्यायचं. कॅसेट गजेंद्रकडची, स्वस्त, म्हणजे अर्थातच नकली. म्हातारा असा रंगला की बायकोला, आनंदाबाईंना, घरात सवत आल्यासारखं वाटू लागलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी तर वासुदेवरावांनी खेळातल्या बैलाची खांद शेकायची म्हणून काचेवर हळद-तूप चोळलं.

“गुडघ्याएवढं वाढते अन् थांबते. तीनदा पेरलं. पंचनामा कर!”

“काचेले तूप लागलं, काकाजी. त्यानं झालं असंन.”

“तुपानं पीक थांबते काय बे?”

शेजारी बसलेल्या किसनरावांनी गेम हातात घेऊन गंभीरपणे पाहिला. “मशागत झ्याक हाय. बियाणंच बोगस.” आणि त्यांनी दुरुस्तीला दिलेला आपला मोबाइल परत मागितला.

गजेंद्र घायकुतीला आला. “कॅसेट डुप्लिकेट हाय, काकाजी. कंपनीनं मेख मारून ठेवली. नक्कल दिसली का खेळ पीक येऊच देत नाई.”

“म्हंजे माही चूक नाई?”

“नाई ना!”

वासुदेवरावांचे डोळे भरून आले. आपण शेती विसरलो, या धास्तीनं बिचाऱ्यांचं जेवण सुटलं होतं.

ओशाळलेल्या गजेंद्रनं पदरमोड करून नागपूरहून ओरिजिनल कॅसेट मागवली आणि स्वतः लावून दिली. पडद्यावर कोरी जमीन आली. दगडधोंडे, तण, आणि एक अनोळखी बैल.

“माहं वावर कुठी गेलं?”

“ते जुन्या कॅसेटीत राह्यलं. हे नवं हाय. यात पीक येईन, काकाजी.”

वासुदेवरावांनी गेम काउंटरवर ठेवून गजेंद्रकडे सरकवला. मग म्हणाले, “हे दुसऱ्याचं हाय. माही जुनी दे.”

“त्यात काईच पिकणार नाई!”

“मालूम हाय मले.”

जुनी कॅसेट लावून ते दुकानाच्या पायरीवरच टेकले आणि गुडघ्याएवढ्या पिकाला पाणी देऊ लागले.