कल्हई उडालेला टोप

मी एक जुना पितळी टोप आहे, आणि माझ्यामुळे एकदा एकेचाळीस माणसं ओकली. मित्रांनो, आधीच सांगून टाकलं. नंतर म्हणू नका, लपवलं!

घाटकोपरच्या अंजनाबाई लग्नामुंजीची जेवणं करून द्यायच्या. चिंच-राख लावून त्या मला अशा घासायच्या, की बायका म्हणायच्या, "आरसा गं बाई, आरसा!" मी फुगून जायचो. पण त्या घासण्यात आतली पांढरी कल्हई कधी उडाली, ते ना त्यांना कळलं, ना मला. स्टीलची भांडी आल्यापासून कल्हईवालाही गल्लीत फिरकत नव्हता.

साल चौऱ्याऐंशी. सोमवारचं लग्न, पाहुणे ठरल्यापेक्षा जास्त. स्टीलचे टोप भाताने अडलेले, म्हणून सकाळीच आंबट ताक माझ्यात ओतलं. पंगत उठते न उठते तोच लोक पोट धरून बसले.

"श्रीखंडच नासकं! अंजनाबाईची वाट लागली आता," जो तो म्हणू लागला. वीस वर्षांचं नाव एका दुपारी गेलं. ठरलेली दोन लग्नंही हातची गेली. मला फार वाईट वाटलं. एवढं मोठं तोंड, पण बोलता येतंय कुठे!

पालिकेच्या डॉक्टर अनुपमा घरोघरी विचारत होत्या, "काय काय जेवलात?" सगळे श्रीखंडाचं नाव घेत. लग्नाला आलेल्या रत्नप्रभाताई मात्र म्हणाल्या, "मी जेवलेच नाही हो. सोमवारचा उपास माझा. नुसतं ताक घेतलं, आणि अर्ध्या तासात उलट्या."

डॉक्टर पुन्हा सगळ्या घरी गेल्या. आजारी पडलेल्या प्रत्येकाने ताक घेतलं होतं. ताक कोणी जेवणात धरलंच नव्हतं!

डॉक्टर ताकाचं विचारतायत हे कळताच अंजनाबाईंनी मला उजेडात धरलं. आत पिवळाजर्द. शेजारची कुंदा कुजबुजली, "गो, भंगारात घाल ह्या टोपाक. कोणाक कळतला?"

 पण डॉक्टर येताच अंजनाबाईंनी मलाच पुढे केलं. "टोप माझा. चूक पण माझीच. आंबट पितळेत ठेवू नये, हे आईने शिकवलं होतं मला."

डॉक्टर म्हणाल्या, आंबट ताकात पितळेतलं तांबं उतरलं आणि तेच बाधलं. श्रीखंडावरचा आळ गेला, पण काम काही परत आलं नाही. लांबून शोधून आणलेल्या कल्हईवाल्याकडून मला कल्हई झाली आणि मी सहा महिने फळीवर पडून राहिलो.

मग एक दिवस रत्नप्रभाताई आल्या. "नातवाचं बारसं आहे. तुम्हीच करा जेवण. पण टोपात आधी मी बघणार हं!"

अंजनाबाई हसता हसता रडल्या.

मित्रांनो, भांडी जरूर घासा, पण आतही बघत जा. माझ्या चकाकीचं कौतुक शंभरजणींनी केलं. जेवणाआधी वाकून आत बघणारी परकी बाई ती पहिलीच.