वाट पाहतेय

"फोन काढा. नुसतं बसायचे पैसे देत नाही मी," मॅनेजर तोदा पडद्यातून डोकावत म्हणाला आणि बाकावरच्या आम्ही साऱ्याजणी अंगठे चालवू लागलो. शेजारी बसून दारू पाजायला गिऱ्हाईक नसेल, तर जुन्या गिऱ्हाइकांना निरोप धाडायचे, हा आमच्या क्लबचा रिवाज. 'कधी येताय? वाट पाहतेय.' खोटं बोलण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

नाओए आमच्यात थोरली. आज कोणी नाव घेऊन बोलावलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस, असं तोदाने तिला आल्याआल्याच बजावलं होतं. तिचं नाव घेणारे उरले होते एकटे कुरोइवा, तातामी चटया करणारे म्हातारे. त्यांनी विकत घेऊन राखून ठेवलेली, नावाची चिठ्ठी अडकवलेली दारूची अर्धी बाटली अजून फळीवर होती. बरेच दिवस ते फिरकले नव्हते, तरी नाओएचा निरोप रोज जायचाच.

बुटांवरचा बर्फ झटकत काळ्या कोटातली एक बाई आत आली आणि तिने नाओएचं नाव घेतलं. तोदा असा खुलला की मला शिसारी आली. ती कुरोइवांची मुलगी होती. तिने वडिलांची बाटली मागवली. पेल्यात बर्फ घालायला मला बसवलं होतं, म्हणून सगळं माझ्या कानांवर पडलं.

"बाबा गेले," ती म्हणाली. "दवाखान्यात फोन उशाशी असायचा. ती वाट पाहतेय, मला सोडा, म्हणून नर्सशी झोंबायचे. शेवटी हात बांधले त्यांचे."

"मला कळवलं असतं तर..."

"तर आल्या असत्या तुम्ही?"

हो म्हणणं किती सोपं होतं. नाओए ते खोटं बोलली नाही. तेवढ्यासाठी तरी मी तिला मानते.

"संपवा ही," मुलगी म्हणाली. "त्यांचं काही इथे राहायला नको."

नाओए पेल्यामागून पेला पीत राहिली. मुलीने बाटली रिकामी होईपर्यंत कोटसुद्धा काढला नाही.

ती गेल्यावर तोदाने बाटलीच्या गळ्यातली चिठ्ठी काढून कचऱ्यात टाकली. "बघ, निरोपांचा उपयोग होतो ना? उद्या ये," तो नाओएला म्हणाला. "आता बस बाकावर. फोन काढ."

ती माझ्या शेजारी येऊन बसली. तोदा तिच्या अंगठ्याकडे बघत उभाच होता. थोड्या वेळाने माझा फोन थरथरला. नाओएचा निरोप होता.

'कधी येताय? वाट पाहतेय.'