रेघ तिकडं जात नाही

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागं चौतीस वर्षं बसलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. लिहिलेलं मिटवायचं नसतं. चुकलं तर त्यावर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर शब्द लिहायचा, शेजारी बारीक सही करायची. खालचं वाचता आलं पाहिजे, पण ते धरायचं नाही. प्रभुलिंगअप्पा या नियमाला इतके चिकटलेले, की टेबलावर व्हाइटनरची बाटली दिसली तर नव्या कारकुनाला दिवसभर चहा विचारायचे नाहीत. बरं, निवृत्त झाल्यावर तरी माणसानं सैल सोडावं की नाही? वाण्याच्या यादीतसुद्धा तूरडाळीवर रेघ मारून वर हरभराडाळ लिहायचे आणि शेजारी सही करायचे. वाणी ती चिठ्ठी गिऱ्हाइकांना दाखवून हसायचा.

बाळीवेशीजवळच्या दोन खोल्यांत अप्पा आता एकटेच. बायको अंबुबाई दोन वर्षांपूर्वी गेली, दुपारचा चहा ठेवता ठेवता. एकुलती एक मुलगी सिद्धेश्वरी मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर. नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावची पोरगी समुद्रावर जहाज हाकते, याचं अप्पांना इतकं कौतुक की ते कुणाला सांगताना उगाच खोकायचे. आई गेली त्या दिवशी सिद्धेश्वरीचं जहाज भर समुद्रात होतं. ती घरी पोचली नवव्या दिवशी. आईच्या फोटोसमोर बसली, महिनाभर राहिली, परत गेली. त्या नऊ दिवसांबद्दल बाप-लेक एका शब्दानं बोलले नाहीत. जहाज बंदराला लागलं की तिचा फोन यायचा, तेव्हा दोघं हवामानावर बोलायचे. सोलापुरात ऊन आहे, हे तिला दर वेळी नव्यानं कळायचं.

बंदरं यायची वीस-वीस दिवसांनी. मधल्या काळात मेल. पहिलं पत्र अप्पांनी शुद्ध मराठीत लिहिलं, मथळे लाल रंगात केले, वर अंबुबाईचा फोटो जोडला. तिचं उत्तर इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत आलं, "अप्पा, दोन पानं नुसती प्रश्नचिन्हं आली. इतके प्रश्न विचारलेत, एकाचंही उत्तर येईना." खाली तिनं समजावलं होतं. जहाजावरचं मेल उपग्रहावरून यायचं आणि तिथलं सॉफ्टवेअर जुनं, त्याला फक्त साधी इंग्रजी अक्षरं दिसायची. मराठी लिपी नको, रंग नको, फोटो नको.

अप्पांनी हे तीन 'नको' एका पुठ्ठ्यावर लिहून लॅपटॉपच्या मागं भिंतीला लावले. तेव्हापासून तेही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागले. त्यातही घोटाळे झाले. होटगीहून त्यांची बहीण येऊन गेली ते त्यांनी कळवलं, तर 'नागम्मा काल आली' याचं तिकडं 'नागम्मा काळ आली' झालं. मग अप्पांनी असे फसवे शब्दच टाळायला सुरुवात केली. पोरीच्या यंत्राला पचेल तेवढंच वाढायचं, असं त्यांनी ठरवलं आणि ते त्यांना जमलंही.

पुठ्ठ्यावर रेघेबद्दल मात्र काही नव्हतं. आणि पत्र लिहायच्या चौकटीखाली, चिन्हांच्या रांगेत, एक अक्षर पोटातून आडवी रेघ मारलेलं उभं होतं. अप्पांनी ते दाबून बघितलं. शब्दावर सरळ, स्वच्छ रेघ पडली. जुना सहकारी भेटावा तसे ते खुर्चीत मागं टेकून हसले.

दर रविवारी जेवण झालं की पत्र. मनात आधी जे यायचं ते बोटं लिहून मोकळी व्हायची, मग आतला कारकून जागा व्हायचा. 'घर खायला उठतं.' रेघ. 'घरी सगळं ठीक.' 'रात्री एकट्याला चूल पेटवावीशी वाटत नाही, दूध पिऊन झोपतो.' रेघ. 'जेवण वेळेवर.' 'तुझा आवाज ऐकावासा वाटतो.' रेघ. 'जहाजावर थंडी असेल, कान झाक.' पुसून टाकायची कळ हाताशी होती, पण पुसणं म्हणजे खोटेपणा. खोडलेला मजकूर धरायचा नसतो हे तिलाही कळत असणार, पोरगी कारकुनाची. आणि खरं सांगायचं तर, धरू नये पण वाचावं, एवढी चोरटी इच्छा त्या रेघेखाली होतीच. अप्पांनी ती स्वतःशी कधी कबूल केली नाही, एवढंच.

मग एकदा तिचं उत्तर आलं, "अप्पा, दुधावर झोपू नका, कुणाचा तरी डबा लावा." पोरगी खोडलेलं चोरून वाचते, हे कळून अप्पा आठवडाभर खुशीत होते. डबाही लावला. हळूहळू तिची पत्रं लांबत गेली. पहाटेच्या पाळीत ती एकटी असते, तेव्हा आईशी मोठ्यानं बोलते, हे तिनं लिहिलं. शेंगाचटणीचा डबा संपला तरी त्याचा वास जावा म्हणून धुतला नाही असं लिहिलं, मग पुढच्या ओळीत 'जाऊ नये म्हणून' अशी दुरुस्ती केली. ती वाचून अप्पांना हसूही आलं आणि डोळेही भरले. तीस वर्षांत झालं नाही तेवढं बोलणं त्या सात महिन्यांत झालं.

नोव्हेंबरात तिचं पत्र आलं, "अप्पा, डिसेंबरात माझा करार संपतो. कंपनी विचारते, अजून चार महिने थांबता का. थांबले तर चीफ ऑफिसरच्या परीक्षेला लागणारे समुद्रावरचे दिवस भरतात. नाहीतर घरी येते. काय करू?"

त्या रविवारी अप्पा जेवलेच नाहीत. 'तू ये,' त्यांनी लिहिलं. मग रेघ मारली. 'चार महिने वाढव, परीक्षा महत्त्वाची,' असं लिहिलं आणि ते पुन्हा वाचलं. इतका समजूतदारपणा कुणासाठी, कशासाठी, असं मनात आलं आणि बोटांनी दोन वाक्यं लिहिली. 'आई गेली तेव्हा तू नव्हतीस. मी जाईन तेव्हाही नसशील.' ती पडद्यावर दिसताच बोट पुसायच्या कळेवर गेलंसुद्धा. पण चौतीस वर्षांची सवय आडवी आली. त्यांनी दोन्ही वाक्यांवर रेघ मारली, पुढं लिहिलं, 'माझी तब्येत उत्तम,' आणि पत्र धाडलं.

एक रविवार गेला, दुसरा गेला. उत्तर नाही. अप्पांनी कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं, जहाज खुशाल आहे, गुरुवारी ब्राझीलच्या बंदरातून निघालं. म्हणजे ते बंदराला लागलं होतं आणि फोन आला नव्हता. अप्पांनी बाईंचे आभार मानले आणि फोन ठेवायचा विसरून तसेच उभे राहिले.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, उत्तर आलं. "अप्पा, चार महिने वाढवले. सिद्धेश्वरी."

एरवी ती खाली 'तुमची सिद्धव्वा' लिहायची. अप्पा त्या पूर्ण नावाकडं बघत राहिले. मग त्यांची नजर आणखी खाली गेली. तिच्या उत्तराखाली त्यांचंच पत्र परत आलं होतं, प्रत्येक ओळीपुढं बाणाचं टोक लावून. इतके महिने येत असणार, त्यांनी कधी खाली बघितलं नव्हतं. आपलं पत्र आपण काय वाचायचं?

'तू ये. चार महिने वाढव, परीक्षा महत्त्वाची. आई गेली तेव्हा तू नव्हतीस. मी जाईन तेव्हाही नसशील. माझी तब्येत उत्तम.'

एकही रेघ नव्हती. एखाद्या मुरलेल्या माणसानं टोमणा मारावा, तसं ते पत्र दिसत होतं.

अप्पांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि भर उन्हात चौकातल्या संगमेशच्या दुकानात गेले. संगमेश वीस वर्षं झेरॉक्स काढतो आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो.

"माज्या रेघा कुणीतरी काढल्यात," अप्पा म्हणाले. "मी मारलेल्या रेघा. हे बघ, माज्याकडं हायत, तिच्याकडं न्हाईत. मजकुरात फेरफार केलाय कुणीतरी."

संगमेशनं दोन्ही पत्रं बघितली. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

"काका, कुणी काढल्या न्हाईत. रेघ म्हंजे अक्षर न्हाय की. ती सजावट. जाड अक्षर, तिरपं अक्षर, रंग, रेघ, समदं सजावटीत येतंय. तिच्या जहाजावरचं मशीन सजावट उतरून ठेवतंय आन् अक्षरं तेवढी पुढं ढकलतंय."

"सजावट," अप्पा म्हणाले.

"व्हय. रेघ तिकडं जातच न्हाई."

"म्हंजे मी खोडलेलं..."

"तिच्याकडं तुमी कायच खोडलेलं न्हाई, काका."

"कवापासनं?"

"पयल्या पत्रापासनं."

अप्पा झेरॉक्सच्या मशिनीवर हात टेकून उभे राहिले. संगमेशनं स्टूल सरकवलं आणि म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेताय? कळवा की तिला, मागच्या पत्रातल्या अमुक ओळी खोडलेल्या समज म्हणून. दोन ओळीचं काम हाय."

घरी येऊन अप्पांनी ते दोन ओळींचं काम करायला घेतलं. त्याआधी जुनी पत्रं उघडून बघितली, एकूण अठ्ठावीस. त्यांच्या पडद्यावर सगळ्या रेघा जागच्या जागी होत्या. त्या रेघा मनातल्या मनात पुसत अप्पा वाचत गेले, सिद्धेश्वरीला दिसलं असेल तसं. घर खायला उठतं. घरी सगळं ठीक. तुझा आवाज ऐकावासा वाटतो. जहाजावर थंडी असेल, कान झाक. तिनं काहीच चोरून वाचलं नव्हतं. तिला वाटलं होतं, आई गेल्यावर बापाला बोलता यायला लागलं. अडखळत बोलतो, एक सांगतो आणि लगेच सारवासारव करतो, पण बोलतो. म्हणून तर ती पहाटेच्या पाळीतलं सांगू लागली होती.

आता खोडलेलं धरू नकोस म्हणून कळवलं, तर ती एकच जागा थोडीच पुसली जाणार? घर खायला उठतं तेही जाणार. आवाज ऐकावासा वाटतो तेही जाणार. पोरीच्या हातात उरणार कान झाक आणि तब्येत उत्तम. सात महिने तिला भेटलेला बाप नव्हताच, असं होणार. आणि नाही कळवलं, तर ती दोन वाक्यं जन्मभर तिच्या उरावर.

अप्पांना अंबुबाईची फार आठवण झाली. ती असती तर म्हणाली असती, तोंडानं बोला की. आयुष्यभर ती हेच म्हणाली आणि आयुष्यभर अप्पांनी ते मनावर घेतलं नाही.

ऊन भिंतीवरून खाली आलं तेव्हा त्यांनी लिहायला सुरुवात केली, एकेक अक्षर चाचपत.

'सिद्धव्वा, मी पत्रात रेघा मारतो, त्या तुला पोचत नाहीत, हे आज समजलं. आई गेली तेव्हा तू नव्हतीस, हे मी खोडलं होतं. ते लिहायलाच नको होतं. तू पाण्यावर होतीस, तुझा काय दोष. दोन वर्षांत हे तुला सांगितलं नाही, हा माझा दोष. मी जाईन तेव्हा नसशील, हेही खोडलं होतं. ते भीतीनं लिहिलं. तुझ्यावर राग नव्हता. बाकी जे जे खोडलं होतं, ते सगळं खरं आहे, ते धर. कुठलं कुठलं ते तुला कळावं म्हणून खाली देतो.'

आणि त्यांनी अठ्ठावीस पत्रांतल्या खोडलेल्या ओळी एकेक करून उतरवायला घेतल्या. दूध पिऊन झोपतो. तुझ्या आईचा चष्मा अजून खिडकीत आहे, उचलवत नाही. फोन ठेवल्यावर वाटतं, बोलायचं राहूनच गेलं. रविवारची वाट सोमवारपासून बघतो. एवढं आपण लिहिलं होतं, याचंच त्यांना नवल वाटत होतं. एकेचाळीस ओळी झाल्या. शेवटची होती, 'तू ये.' ती लिहून अप्पांनी पत्र पाठवलं. परत वाचलं नाही, नाहीतर हात वळवळला असता.

चार दिवस अप्पांचं कशात लक्ष नव्हतं. डबा यायचा, तसाच पडायचा. शुक्रवारी सकाळी तिचं उत्तर आलं.

"अप्पा, करारावर सही झाली आहे, आता मोडता येत नाही. रागात केली. तुमच्या ओळी रोज पहाटे वाचते. एप्रिलच्या शेवटी येते. तेवढं थांबा. तुमची सिद्धव्वा."

'तेवढं थांबा' यापाशी अप्पांची नजर अडली. पोरीनं बापाकडं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि ते देणं त्यांच्या हातात नव्हतं. वय एकोणसत्तर, छातीत एक झडप नवी. अमुक महिन्यापर्यंत मी असेन, असं माणसाला सांगता येत नाही, हे मृत्यूची खिडकी सांभाळलेल्या अप्पांइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला, उभ्या उभ्याच कडक भाकरी मोडून वाटीतल्या आमटीत बुडवली आणि पोटभर जेवले. मग हात पुसून लॅपटॉपसमोर बसले आणि एकच शब्द लिहिला.

'थांबतो.'