दोनशे बारावी ओळ

बेगिमायने बटण दाबलं आणि चहाचा प्याला तोंडाला लावला. घोट घशाखाली उतरायच्या आत पडद्यावर यादी तयार होती.

"नऊ सेकंद!" ती ओरडली आणि दोन्ही तळव्यांनी टेबल बडवायला लागली. "चिनारा एजे, या ना! लवकर या!"

चिनारा काचेच्या खोलीतून बाहेर आली. कंपनी तिची, त्यामुळे ती आली तसे बाकीचेही खुर्च्या सरकवून जमले. गुडघ्याच्या मोफत ऑपरेशनसाठी देशभरातल्या अठरा हजार म्हाताऱ्यांनी नावं नोंदवली होती. कुणाचा नंबर कधी, कुठल्या इस्पितळात, हे सगळं त्या यादीत चोख लागलेलं होतं. जुन्या प्रोग्रामला याच कामाला चाळीस मिनिटं लागायची.

जुना प्रोग्राम कुबातने लिहिलेला. तो केटली हातात धरून खिडकीपाशीच उभा राहिला होता. अकरा वर्षं दर सोमवारी तो प्रोग्राम सुरू करायचा आणि सगळं ऑफिस चहाला उठायचं. कणकेच्या तुकड्यांचे बोरसोक तळलेले असायचे, जर्दाळूचा जाम असायचा, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची गाडी बंद पडली, सगळं त्या चाळीस मिनिटांत निघायचं. 'कुबात बाइकेंचा चहा' असं नावच पडलं होतं त्याला. नऊ सेकंदांत कोण काय चहा पिणार?

"बाइके, बघितलंत का?" बेगिमायने विचारलं. ऑफिसातली सगळी तरुण मंडळी चिनाराला थोरल्या बहिणीसारखं एजे म्हणत आणि त्याला थोरल्या भावासारखं बाइके.

"बघितलं. छान झालंय."

"कुबात, आता चहाला दुसरं निमित्त शोध बाबा," चिनारा म्हणाली. सगळे हसले. कुबातही हसला आणि केटली खाली ठेवली.

खरं सांगायचं तर तो जळत होता. उगाच सभ्य शब्द वापरण्यात अर्थ नाही. मुलगी चोवीस वर्षांची, येऊन आठ महिने झालेले. पहिल्या आठवड्यात त्यानेच तिला शेजारी बसवून चूक कशी शोधायची ते शिकवलं होतं. त्याला नऊ सेकंद तितके खुपले नव्हते. खुपलं होतं ते तिचं टेबल बडवणं. त्याचा प्रोग्राम पहिल्यांदा चालला तेव्हा तो असाच वेड्यासारखा, भर जानेवारीत कोट न घालता जिने उतरून गेला होता आणि सगळ्यांसाठी थाळाभर खिम्याचे साम्सा घेऊन आला होता. त्यानंतर आपण असे कधी नाचलो, हे त्याला आठवेना. मधल्या वर्षांत नुसती दुरुस्ती, ठिगळं आणि लोकांचे तक्रारीचे फोन.

दुपारी तिचं काम त्याच्याकडे वाचायला आलं. ऑफिसचा नियमच होता, एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचायचं आणि हिरवी खूण केल्याशिवाय काही पुढे जायचं नाही. अवघड काम कुबातकडेच यायचं. 'कुबातच्या नजरेतून मुंगीही सुटत नाही,' असं चिनारा नव्या गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची, आणि हल्ली त्याच्याबद्दल सांगण्यासारखं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

चारशे ओळी. त्याने हावरटासारख्या वाचल्या, कुठेतरी काहीतरी चुकलेलं असेलच म्हणून. पोरीने काम सुरेख केलं होतं. आपण अकरा वर्षांपूर्वी असं का केलं नाही, असं त्याला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा राग आला, एकदा तिचा आणि एकदा स्वतःचा. मग दोनशे बाराव्या ओळीवर तो थांबला.

ज्याची जन्मतारीख एक जानेवारी, त्याचं नाव बाजूला काढायचं, असं त्या ओळीत होतं. तिचं गणित सरळ होतं. जुन्या नोंदींत कारकुनांनी तारीख भरायची सोडली की संगणक आपणहून एक जानेवारी टाकायचा, आणि अशा अर्धवट, दुबार नोंदींचा नुसता कचरा साचला होता. राजधानीत, बिश्केकमध्ये वाढलेल्या मुलीने असाच विचार केला असता.

पण कुबात डोंगरातल्या आत-बाशीचा. त्याची आई एक जानेवारीची. शेजारची तोक्तोबूबू एक जानेवारीची. घोडे राखणारा शार्शेन आणि त्याची बायको, दोघंही एक जानेवारीची. वर कुरणात, मेंढ्यांच्या मागे जन्मलेली ही माणसं. तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती, मग पुढे कधीतरी कागद करताना कारकुनाने वर्ष अंदाजाने घातलं आणि दिवस सोयीचा. नव्या वर्षाच्या दिवशी त्यांच्या अख्ख्या गल्लीचा वाढदिवस असायचा.

त्याने लिहायला घेतलं, 'ही ओळ काढ, डोंगरातली अर्धी म्हातारी माणसं...' आणि हात थांबले. खुर्चीत मागे रेलून त्याने बेगिमायकडे पाहिलं. ती कुणाला तरी नऊ बोटं दाखवत होती.

एकदा तोंडावर पडू दे तिला, त्याला वाटलं. एकदाच. मग कळेल सगळ्यांना, चाळीस मिनिटं कशाला लागतात ते.

त्याने लिहिलेलं खोडलं आणि हिरवी खूण केली. खाली 'उत्तम' असंही लिहिलं. बेगिमायने लगेच लाल बदाम पाठवला. यादी संध्याकाळी इस्पितळांना गेली.

गुरुवारी सकाळी डोंगरातल्या नारीनच्या इस्पितळातून एका नर्सचा फोन आला. बेगिमायने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"अहो, आमची माणसं कुठे गेली? गेल्या खेपेला सत्तर होती, आता अकरा! काल एक आजी तपासणीला आली, दोन काठ्या टेकत, तीन तासांचा रस्ता करून. नाव नाही म्हणून दारावरच्याने तिला परत पाठवलं. आजच सहाला वर्षाची यादी पक्की होतेय म्हणे. मग या सगळ्यांनी काय पुढचं वर्ष रांगत काढायचं?"

बेगिमायच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तासाभरात तिने ओळ शोधून काढली. अकराशे चाळीस माणसं गळली होती. ती जेवायलाही उठली नाही. दोन वाजता नवी यादी गेली, मग इस्पितळांना फोन करकरून तिचा आवाज बसला. त्या आजीचा नंबर मिळवून तिने स्वतः माफी मागितली. कुबात आपल्या जागेवर बसून होता. हे सगळं बघताना आपल्याला गंमत वाटेल असं त्याने धरलं होतं. तशी ती वाटली नाही, आणि जळणंही थांबलं नाही. चूक निस्तरतानासुद्धा पोरगी चांगलं काम करत होती.

चारला चिनाराने दोघांना बोलावलं.

"कुबात, ही ओळ तू वाचली होतीस?"

त्याने तोंड उघडायच्या आत बेगिमाय बोलली. "त्यांनी वाचल्यावर घातली मी ती, एजे. त्यांना विचारायला हवं होतं. चूक माझीच."

कामाची नोंद उघडून पाहिली असती तर ओळ कधी घातली आणि खूण कधी झाली, त्या वेळा दिसल्या असत्या. चिनाराने पाहिली नाही. "वाटलंच मला," ती म्हणाली. "याच्या नजरेतून हे सुटलं नसतं. पगारवाढीचं आपण सध्या राहू देऊ हं, बेगिमाय. जा आता, काहीतरी खाऊन घे."

स्वयंपाकघरात बेगिमाय थंड बोरसोक उभ्यानेच खात होती. कुबातने दार लोटून घेतलं.

"खोटं का बोललीस?"

"जाऊ द्या ना, बाइके."

"का पण?"

ती संकोचली. हातावरचा चुरा झटकला. "रागावू नका हं. चारशे ओळी होत्या आणि तुम्ही हल्ली दमता, मी बघते ना. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन वाचता. माझ्या बाबांचं असंच झालं. टॅक्सी चालवायचे, रात्रीचं दिसेनासं झालं, कबूल करायला तयार नाहीत. शेवटी आम्ही गुपचूप किल्ली काढून घेतली." ती हसली, अगदी मायेने. "होतं हो असं. यापुढे मी आधी पलीकडे बसणाऱ्या एल्दियारकडून वाचून घेत जाईन, तुमच्याकडे नुसतं खुणेपुरतं पाठवीन. एजेंना कळायचंही नाही."

सगळं निभावलं होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. त्याने अर्धी हलवलीही. पण एल्दियारचं नाव आणि ते 'खुणेपुरतं' त्याला झोंबलं.

"दिसली होती," तो म्हणाला.

"काय?"

"दोनशे बारावी ओळ. माझी आई एक जानेवारीची आहे. पहिल्याच वाचनात दिसली होती मला."

बेगिमायच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, कुणाचा तरी आजार बरा झाल्याचं कळल्यावर यावा तसा. मग दिसूनही त्याने हिरवी खूण केली होती हे तिच्या ध्यानात आलं, आणि हातातला बोरसोक तिने हळूच ताटलीत परत ठेवला.

कुबातने मान खाली घातली. पण त्याच्या आधी, क्षणभर, आपली नजर शाबूत आहे हे तिला कळल्याचं त्याला बरं वाटलं होतं.