फुकटचं सिम

सोयाबीनच्या खुरपणीत पात अर्धी झाली असंल-नसंल, तेवढ्यात शेजारीण साखराबाई बांधावरून धापा टाकत आली. लोह्याहून दोन पोलीस आलेत आन् सरजाचं नाव घेऊन घर इचारून राहिलेत, म्हणाली.

सरजाबाईच्या हातातलं खुरपं गळालं. नवरा गेल्यापासून रोजानं राबून तिनं लेकीला, ज्योत्स्नाला, नांदेडला नर्सिंगला घातलेलं. कुणाच्या काडीला कधी हात लावला नव्हता. तरी ती शेजारच्या उसात शिरली आन् फटफटीचा आवाज विरेस्तोवर चिखलात बसून राहिली.

पोलीस निरोप ठेवून गेले होते. तिच्या नावच्या सिमवरून कुठल्या तरी लांबच्या म्हाताऱ्याला फसवलंय, उद्या ठाण्यावर यायचं.

तवा तिला उमगलं. आषाढात समाजमंदिरापाशी छत्री लावून एक माणूस बसला होता. पिवळ्या रेशनकार्डाच्या बायांना सिम फुकट, सहा महिने बोलणं फुकट, असं सांगायचा. खुरपून झिजलेला अंगठा मशीनवर उमटंना, म्हणून त्यानं तो पुन्हा पुन्हा लावून घेतला. गावातल्या धा-बारा जणींचा असाच घेतला.

फोन हिरीत टाकावा असं तिला वाटलं. पर त्यातूनच रोज लेकीचा आवाज यायचा. सांजच्याला ज्योत्स्नाचा फोन आला, तर सरजाबाईनं फक्त जेवलीस का इचारलं. कळलं तर पोरगी शिक्षण सोडून येईल, हे भ्या पोलिसांच्या भ्याहून मोठं होतं.

सकाळी ती एकलीच ठाण्यावर गेली. जमादारानं कागद पुढं सरकवला. तिच्या नावावर सहा नंबर होते, तिच्यापाशी तर एकच.

"साहेब, अंगठा माझा हाय," ती कशीबशी म्हणाली. "काम माझं न्हाई."

जमादारानं तिच्या बोटांकडं बघितलं आन् बसाय सांगितलं. छत्रीवाल्याचं तोंड, त्याची गाडी, तिनं आठवंल तसं सांगितलं. मग जमादारानं इचारलं, आणखी कुणाकुणाचे अंगठे घेतले?

नाव घेतलं की फटफटी त्या दारात जाणार.

"नावं सांगत न्हाई. म्या त्यांला घेऊन येते."

जमादारानं तिचा जबाब लिहून घेतला. बाकीचे पाच नंबर बंद कराय अर्ज केला. पुन्हा बोलवू, असंही म्हणाला.

गावात तिला बघून बाया घरात शिरल्या. ठाण्यावर जाऊन आलेलीशी कोण बोलणार? ती दारोदार फिरली. साखराबाईनं दार किलकिलं केलं.

"माझ्याबी नावावर असतील का गं?"

"असतील."

"मला लई भ्या वाटून राहिलंय."

"मलाबी वाटतंय," सरजाबाई म्हणाली. "आज एकली होते. उद्या तू चल."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर सात जणी उभ्या होत्या, पदर घट्ट धरून. एसटी आली. सरजाबाई आधी चढली आन् कंडक्टरला म्हणाली, "लोह्याची सात द्या."