जेवतानाचं मौन

चातुर्मास लागला की झुंबरबाई एकभुक्त राहायची, आणि ते एक जेवण मौन पाळून करायची. जेवताना तोंडून शब्द निघाला की पान सोडून उठायचं, मग अन्न थेट दुसऱ्या दिवशी. तिच्या खुणा घरात पाठ होत्या. पेला वाजला की पाणी, ताट वाजलं की मीठ.

शिरपूरकडची केळी रानडुकरं उलथून टाकत, म्हणून तिच्या नवऱ्याकडे, अभिमनकडे, परवान्याची एकनळी बंदूक होती. पहाटे राखण करून येताना तो बांधावरच ती मधोमध मोडून उघडायचा, काडतूस काढून खिशात टाकायचा, घरी येऊन पुन्हा रिकाम्या नळीतून उजेड बघायचा आणि मगच पेटीला कुलूप लावायचा. त्या पहाटे बांधावर असतानाच विहिरीवरची मोटार जळाल्याचा फोन आला. बंदूक न मोडता, भरलेलीच घरी खुंटीला अडकवून तो पळाला. झुंबरबाईने ते पाहिलं, पण हाक मारेपर्यंत तो गल्लीच्या टोकाला होता. मग पूजेत ते मनातून गेलंच.

दुपारी ती ताटावर बसली, तर मुलगा दीपक बंदूक मांडीवर घेऊन चिंधीने पुसत बसलेला. नळी स्वयंपाकघराच्या दाराकडे.

‘भरेल शे.’ भरलेली आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण घास तोंडात गेला होता. तिने ताट वाजवलं, बंदुकीकडे बोट केलं.

“हा माय, पुसीच ऱ्हायनू ना!” दीपक हसला. “तुना देवघरपेक्षा चकचकीत करस, देख!”

तिने ताट आणखी जोरात वाजवलं.

“अरे, मीठ मांगी ऱ्हायनी ती! सारिका, मीठ लई ये!”

सून सारिका जळगावची; सासू-सुना आपसात मराठीतच बोलत. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावायची. ती मिठाची बरणी घेऊन दारात आली. चिंधी घोड्यात अडकली की बोट चापावर गेलं, हे दीपकला नंतरही सांगता आलं नाही. बार उडाला. झुंबरबाई किंचाळली, आणि मौन मोडायचं ते मोडलंच.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सारिकाचा पाय वाचवला, पण घोट्याचा चुरा झाला होता. धावणं आता विसरायचं, म्हणाले.

“मी मोडीसन देखाले जोयजे व्हतं,” दीपक रडत राहिला. “आबा बंदूक रिकामीच करतस, आसं धरी बसनू.”

“चूक मनी शे,” अभिमन म्हणे.

शेजारची कोकिळा भेटायला आली, तिने तर झुंबरबाईचे पाय धरले. “अक्का, तुमना व्रतनं पुण्य आडवं उनं, म्हणून पोर वाचनी.”

ते ऐकवेना. सगळे चहाला गेले तेव्हा झुंबरबाई खाटेजवळ बसली.

“सारिका, भरलेली आहे हे मला माहीत होतं गं. पहाटे पाहिलं होतं. बोलले असते तर पान सोडावं लागलं असतं.”

“एका दिवसाचं जेवण?”

“हो.”

“आबांना आत पाठवा,” सारिका म्हणाली. “तुम्ही बाहेर बसा.”

झुंबरबाई उठली. दाराशी जाऊन तिने एकदा मागे पाहिलं. सारिकाने तोंड भिंतीकडे केलं होतं.